चाळिशी उतरवणारं भिंग: वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरं

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायच्या भिंगांबद्दल बरीच पत्रं आली. जवळचं, मधलं आणि लांबचं सगळं दाखवणारं भिंग बसवलं तर प्रत्यक्षात दिसतं कसं, हाच बहुतेकांचा प्रश्न आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: मी बरीच वर्षं प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरतो. आता मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ‘व्हेरिफोकल भिंग’ सुचवलं आहे. म्हणजे तोच चष्मा डोळ्याच्या आत बसवल्यासारखं का?

नाव सारखं वाटलं तरी काम अगदी वेगळं आहे. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात काचेचा कोणता भाग वापरायचा ते तुमची मान आणि नजर ठरवते. लांबचं वरच्या भागातून, संगणक मधून, पुस्तक खालून. डोळ्यातलं भिंग मात्र बाहुलीच्या मागे बसतं आणि डोळ्याबरोबरच फिरतं. खाली बघितलं काय नि वर बघितलं काय, प्रकाश त्याच्या मधूनच जातो. त्यामुळे जवळची आणि लांबची अशा दोन्ही प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) एकाच वेळी पडतात. एक रेखीव असते, दुसरी तिच्यावर पुसट पसरलेली. रेखीव प्रतिमेकडे लक्ष देऊन पुसटीकडे दुर्लक्ष करणं हे मेंदूचं काम.

हे भिंग दिसायला एवढंसं असतं: मधली चकती साधारण 6 मिमी, दोन्ही बाजूंच्या आधाराच्या दांड्या धरून 13 मिमीच्या आसपास. उजेडात थोडं तिरकं धरलं तर जुन्या तबकडीवरच्या खोबणींसारखी एकात एक वर्तुळं दिसतात. ही वर्तुळं म्हणजे सूक्ष्म पायऱ्या. एका प्रचलित रचनेत मध्याजवळच्या पायरीची उंची 1.3 मायक्रॉन आणि कडेच्या पायरीची जेमतेम 0.2 मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. या पायऱ्यांवर प्रकाशाचं विवर्तन होतं, म्हणजे तो वळतो, आणि वेगवेगळ्या अंतरांसाठी वाटला जातो. दोन अंतरांच्या भिंगात ढोबळमानाने 41 टक्के प्रकाश लांबच्यासाठी, 41 टक्के जवळच्यासाठी जातो आणि 18 टक्के कुठल्याच कामी येत नाही. तीन अंतरांच्या एका प्रचलित रचनेत सुमारे 88 टक्के प्रकाश वापरात येतो. त्यातला निम्मा लांबच्यासाठी, उरलेला मधल्या आणि जवळच्या अंतरांत सारखा वाटलेला.

ही वाटणी नीट लक्षात घेतली की पुढची सगळी उत्तरं सोपी होतात. चष्मा सुटतो तो प्रकाश वाटून घेतल्यामुळे. प्रत्येक अंतराच्या वाट्याला एकाच नंबराच्या साध्या भिंगापेक्षा कमी प्रकाश येतो, आणि उठाव, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, थोडा फिका पडतो.

‘व्हेरिफोकल’ हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून तुमच्यासाठी नेमकं काय ठरवलंय ते विचारून घ्या. दोन अंतरांचं बायफोकल, तीन अंतरांचं ट्रायफोकल, की लांबपासून मधल्यापर्यंत सलग दाखवणारं ईडॉफ? काही भिंगांत वर्तुळांऐवजी खालच्या भागात जवळचा नंबर घातलेला असतो, बायफोकल चष्म्यातल्या चंद्रकोरीसारखा. तिथेही नजर खाली नेऊन तो भाग ‘निवडता’ येत नाही, प्रकाशाची वाटणीच होते.

प्रश्न: शिवणकाम आणि भरतकाम हेच माझं काम आहे. असं भिंग बसवल्यावर सुईत दोरा ओवता येईल का? आणि मोबाइल?

मोबाइल बहुधा येईल. दोरा ओवणं बहुतेक भिंगांना जमत नाही, आणि हे आधी स्पष्ट सांगितलं जात नाही म्हणून पुढे मन खट्टू होतं.

एक मोजपट्टी घ्या. नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या उजेडात बसा आणि कुणाला तरी डोळ्यापासून कापडापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. तसंच मोबाइलचं, मशीनच्या सुईचं, टीव्हीचं मोजा. हे आकडे कागदावर लिहून तपासणीला न्या. ‘मला सगळं दिसलं पाहिजे’ या वाक्यापेक्षा हा कागद डॉक्टरांच्या कितीतरी जास्त उपयोगाचा.

आता भिंगाचे आकडे. भिंगावर जवळसाठी लिहिलेला 3.25 डायॉप्टर (डायॉप्टर म्हणजे नंबराचं एकक) हा वाढीव नंबर चष्म्याच्या हिशेबात साधारण 2.4 भरतो, कारण भिंग डोळ्याच्या आत खोल बसलेलं असतं. म्हणजे वाचनाचं अंतर सुमारे 40 सेंमी. ट्रायफोकलचं मधलं अंतर रचनेनुसार 60 ते 80 सेंमी. तुमचं भरतकाम 25 सेंमीवर होत असेल तर तिथे 4 डायॉप्टर लागतात. भिंग अडीचच्या आसपास देतं, म्हणून दीड नंबरचा साधा वाचनाचा चष्मा त्या कामापुरता लावावा लागेल. मशीनवरचं शिवण, कापड बेतणं आणि मोबाइल मात्र चष्म्याविना जमायला हवं.

निरोगी डोळ्यात, नंबर बरोबर बसला आणि दोन्ही डोळ्यांत ट्रायफोकल भिंग असेल, तर लांबची 6/6 किंवा त्याच्या जवळपासची ओळ आणि चांगल्या उजेडात 40 सेंमीवर एन6 (वाचनाच्या तक्त्यावरचं अक्षराचं माप, आकडा लहान तेवढं अक्षर बारीक) एवढी बारीक अक्षरं ही अपेक्षा रास्त आहे. ईडॉफ भिंगात लांबचं आणि संगणकाच्या अंतरावरचं छान दिसतं, पण जवळचं बहुतेकांना एन8च्या आसपास. बारीक छापासाठी 1 ते 1.5 नंबरचा चष्मा जवळ ठेवावा लागतो.

उजेडाचं सांगायलाच हवं. वर सांगितलेल्या पायऱ्या कडेकडे उतरत जातात अशा रचनेत बाहुली मोठी झाली की प्रकाशाचा जास्त वाटा लांबच्याकडे वळतो. मंद उजेडात बाहुली मोठीच असते. म्हणून दिवसा सहज वाचता येणारं औषधाचं लेबल रात्री अंधूक खोलीत वाचता येत नाही. त्यात भिंग बिघडल्याची काळजी नको. कामाच्या जागी, खांद्यामागून कापडावर पडेल असा दिवा लावा. भिंगाच्या निवडीइतकाच याचा फरक पडतो.

प्रश्न: आईला (वय 74) मधुमेह आहे, पडद्यावर लेझर झालंय. डॉक्टरांनी मल्टिफोकल भिंग बसवायला नकार दिला. भाऊ म्हणतो, दुसरीकडे जाऊ या. काय करावं?

डॉक्टरांचं ऐकावं. नकार देण्यात त्यांनी आईचं हितच पाहिलं आहे.

पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला असतो, बारीक दिसतं ते त्याच्यामुळे. मधुमेहाने तिथे सूज येऊन गेली असेल किंवा येण्याची शक्यता असेल तर फिका उठाव वाचण्याची त्याची ताकद आधीच कमी झालेली असते. त्यात भिंगाने प्रकाश वाटला की दोन्ही उणिवांची बेरीज होते. शिवाय पुढे पुन्हा लेझर किंवा पडद्याची शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर अशा भिंगातून डॉक्टरांनाही पडदा तेवढा रेखीव दिसत नाही. वयानुसार मॅक्युला झिजणं, वाढलेला काचबिंदू, कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा) फुक्स आजार, शंकूसारखा पुढे आलेला कॉर्निया, लहानपणापासून आळशी राहिलेला डोळा, या सगळ्यांत हेच उत्तर. मोतीबिंदू दाट असेल तर मागचं दुखणं झाकलं जातं, म्हणून शस्त्रक्रियेआधी पडद्याचे थर दाखवणारा ओसीटी स्कॅन करून घ्यावाच.

आईसाठी एका नंबराचं भिंग उत्तम. लांबचं चष्म्याविना हवंय की वाचन, एवढं त्यांना विचारा. दिवसभर घरात वाचन, निवडणं-टिपणं असं जवळचंच काम असेल तर मुद्दाम उणे 2.5 नंबर ठेवता येतो. मग 40 सेंमीवर चष्म्याविना दिसतं आणि लांबसाठी चष्मा लागतो. अनेक वृद्धांना हे जास्त सोयीचं पडतं.

प्रश्न: दोन्ही डोळ्यांत ट्रायफोकल भिंग बसवून तीन महिने झाले. पेपर चष्म्याविना वाचतो, पण लांबचं काचेवर तेलाचा हात फिरवल्यासारखं दिसतं. तक्त्यावर 6/9 पर्यंत वाचतो. ‘सवय होईल’ एवढंच सांगतात. खरंच फक्त सवयीचा प्रश्न आहे का?

असेलही, पण ‘सवय होईल’ हे सगळी कारणं तपासून झाल्यावरचं वाक्य आहे. तुमच्यासारख्या तक्रारीमागे बहुतेक वेळा काहीतरी सापडतं आणि त्यावर उपायही असतो. शोध कुठल्या क्रमाने घ्यायचा ते महत्त्वाचं, कारण काही उपाय एकदा केले की मागे फिरता येत नाही.

सुरुवात अश्रूंपासून. हे घरीच करून पाहा: लांबच्या पाटीकडे बघा, एकदा पापणी मिटा-उघडा आणि मग न मिटता बघत राहा. पापणी उघडल्यावर क्षणभर लख्ख दिसून चार-पाच सेकंदांत धूसर होत असेल, तर डोळ्यावरचा अश्रूंचा थर लवकर फाटतो आहे. तपासणीत हा थर 10 सेकंदांच्या आत फुटला तर तो कमकुवत समजतात. प्रकाश डोळ्यात शिरताना पहिल्यांदा याच थरातून जातो. तो खडबडीत असेल तर आतल्या भिंगाच्या पायऱ्या कितीही नेमक्या असल्या तरी उपयोग नाही. शस्त्रक्रियेतल्या छेदाने कॉर्नियाच्या काही नसा तुटतात, नंतरच्या थेंबांतलं संरक्षक रसायनही कोरडेपणा वाढवतं. उपाय: संरक्षक रसायन नसलेले कृत्रिम अश्रू दिवसातून चार-सहा वेळा, पापण्यांवर 5 ते 10 मिनिटं कोमट शेक आणि नंतर पापण्यांच्या कडा साफ करणं. किमान महिनाभर नेटाने करावं, चार दिवसांत फरक दिसत नाही.

मग उरलेला नंबर. साध्या भिंगात अर्धा डायॉप्टर राहिला तर माणसाच्या लक्षातही येत नाही. बहुकेंद्री, म्हणजे मल्टिफोकल, भिंगात तोच अर्धा डायॉप्टर किंवा 0.75 चा सिलिंडर (कॉर्निया सगळीकडे सारखा गोल नसल्याने येणारा नंबर) नजर मळवून टाकतो, कारण प्रकाशाचा आधीच घटलेला वाटा आणखी पसरतो. इथे एक खाच आहे. संगणकी यंत्राने काढलेल्या नंबरावर भरवसा ठेवू नये. ते यंत्र बाहुलीतला ठरावीक भागच वाचतं आणि वर्तुळांच्या भिंगात फसतं. ईडॉफ भिंगात तर बऱ्याचदा नसलेला उणे नंबर दाखवतं. नंबर हाताने, चाचणीच्या फ्रेममध्ये काचा बदलत काढायला हवा, आणि तोही धन नंबराकडून सुरू करून हळूहळू खाली येत. उण्याकडून सुरुवात केली तर रुग्ण भिंगाच्या मधल्या अंतराच्या प्रतिमेतून लांबचं बघू लागतो आणि ‘आता बरं दिसतं’ म्हणतो. असा चुकीचा उणे चष्मा लावल्यावर वाचन बिघडतं.

फ्रेममध्ये योग्य काच घातल्याबरोबर तुमचा तेलकटपणा गेला, तर कारण सापडलं. मग फक्त गाडी चालवताना पातळ चष्मा, किंवा नंबर स्थिरावल्यावर कॉर्नियावर लेझर, असे मार्ग उघडतात.

काच घालूनही फरक पडला नाही तर पडदा बघावा. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांच्या सुमाराला मॅक्युलावर सूज येऊ शकते, आणि ती नुसत्या तपासणीत निसटते. ओसीटीत दिसते. सूज असेल तर थेंबांनी बहुधा उतरते.

त्यानंतर भिंगामागचा पापुद्रा. मोतीबिंदू काढताना त्याची मूळ पिशवी तशीच ठेवतात आणि नवं भिंग तिच्यात बसवतात. पिशवीची मागची भिंत काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होते. बहुकेंद्री भिंग असलेल्याला थोडा धुरकटपणाही जाणवतो. याग लेझरने तिच्यात मधोमध खिडकी पाडतात. दुखत नाही, काही मिनिटांत होतं, नजर उजळते. पण इथे घाई करू नये हे आम्ही आग्रहाने सांगू. सुरुवातीपासूनच नजर तेलकट असेल आणि पापुद्रा जवळपास स्वच्छ असेल, तर याग केल्याने काही साधत नाही, उलट भिंग बदलायचा रस्ता अवघड होऊन बसतो. मागची भिंत शाबूत असताना भिंग बदलणं जमण्यासारखं असतं. खिडकी पाडल्यावर डोळ्यातला मागचा जेलीसारखा द्रव पुढे येण्याचा धोका असतो, नवं भिंग पिशवीत बसेलच असं नाही. म्हणून हा प्रश्न विचारा: ‘शस्त्रक्रियेनंतर काही काळ नजर स्वच्छ होती आणि मग धुरकटली, की पहिल्या दिवसापासून अशीच आहे?’ पहिलं असेल तर पापुद्रा. दुसरं असेल तर आधी भिंग आणि नंबर तपासा.

भिंग मध्यावर बसलंय का, हेही बघावं लागतं. बाहुली मोठी करून तपासताना वर्तुळं स्पष्ट दिसतात. काहींच्या डोळ्यात मुळातच नजरेची रेषा बाहुलीच्या मध्यापासून बाजूला असते. हे अंतर जास्त असेल तर प्रकाश मधल्या चकतीऐवजी वर्तुळाच्या कडेवरून जातो. शस्त्रक्रियेआधीच्या मोजणीत हा आकडा मिळतो, अर्धा मिलिमीटरच्या पुढे असेल तर बहुकेंद्री भिंगाचा फेरविचार करतात.

हे सगळं निर्दोष निघालं तरच सवयीकडे बोट दाखवावं. मेंदूला दोन प्रतिमांतली हवी ती निवडायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, काहींना वर्षही. तुमचे तीनच झालेत. त्यानंतरही जगणं नकोसं वाटत असेल तर भिंग काढून एका नंबराचं बसवणं हा खरा पर्याय आहे, मागणी करायला संकोच नको. पिशवी भिंगाला आवळून धरायच्या आत, म्हणजे पहिल्या काही महिन्यांत, ते सोपं जातं. म्हणूनच तपासण्या आत्ता करून घ्या, सवयीची वाट बघत वर्ष घालवू नका.

6/9 या आकड्याबद्दलही थोडं. तक्त्यावरची अक्षरं पांढऱ्यावर ठसठशीत काळी असतात. बाहेरचं जग तसं नसतं, धुकं असतं, करड्या भिंतीपुढे करडी पायरी असते. फिक्या होत जाणाऱ्या अक्षरांचा वेगळा तक्ता असतो, त्यावर तपासणी मागा. 6/6 वाचणारा माणूस ‘नीट दिसत नाही’ म्हणतो तेव्हा तो खरंच सांगत असतो.

प्रश्न: रात्रपाळीला गाडी चालवतो. समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती कडी दिसतात असं ऐकलं. किती त्रासदायक असतं ते?

रात्री गाडी चालवणं हेच पोटापाण्याचं काम असेल तर विवर्तनाच्या वर्तुळांचं भिंग घेऊ नका, एवढं सरळ सांगतो.

कडी दिसण्याचं कारण तेच वाटणीचं. दूरच्या दिव्याची लांबची प्रतिमा पडद्यावर ठिपक्यासारखी पडते. त्याच वेळी जवळसाठी वळवलेला प्रकाश पडद्याच्या आधीच एकत्र येऊन पुन्हा पसरलेला असतो. तो पसरलेला भाग म्हणजे ठिपक्याभोवतीचं कडं. रात्री बाहुली 5-6 मिमीपर्यंत उघडते आणि कडं आणखी मोठं दिसतं. बहुतेकांना ते पहिल्या काही महिन्यांत खुपतं, मग दिसत असूनही त्याकडे लक्ष जात नाही. साध्या भिंगाच्या तुलनेत बहुकेंद्री भिंगात कडी आणि झगझगाट जास्त, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे.

ज्यांनी भिंग आधीच बसवून घेतलंय त्यांनी रात्री गाडीत आतला छोटा दिवा मंद चालू ठेवावा, पुढची काच आतून-बाहेरून पुसलेली असावी, उरलेला नंबर असेल तर रात्रीपुरता चष्मा लावावा. फारच त्रास असेल तर बाहुली किंचित लहान करणारे थेंब डॉक्टर संध्याकाळी घालायला देऊ शकतात. ते मनाने घालू नयेत.

वर्तुळं नसलेलं ईडॉफ किंवा मधल्या अंतराला थोडी मदत करणारं सुधारित एका नंबराचं भिंग तुमच्यासाठी बरं. कडी कमी, डॅशबोर्ड दिसतो, वाचायला चष्मा लागेल.

प्रश्न: माझा सिलिंडर 1.75 आहे आणि बारा वर्षांपूर्वी लॅसिक (चष्म्याचा नंबर घालवणारं लेझर) झालंय. मला हे भिंग चालेल?

सिलिंडर असणं ही अडचण नाही, त्यासाठी टॉरिक बहुकेंद्री भिंगं असतात. पण ती योग्य कोनात बसली पाहिजेत आणि तिथेच राहिली पाहिजेत. भिंग एक अंश फिरलं की सिलिंडर घालवण्याची सुमारे 3.3 टक्के ताकद जाते. 10 अंश फिरलं तर एक तृतीयांश, 30 अंश फिरलं तर काहीच फायदा उरत नाही. माणूस आडवा झाला की डोळा स्वतःभोवती थोडा फिरतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी तुम्हाला बसवूनच डोळ्यावर खुणा करतात, किंवा त्याच कामासाठी प्रतिमा घेणारं यंत्र वापरतात. ‘आडवं झाल्यावर खुणा करू’ असं कुणी म्हणालं तर विचारा. भिंग फिरलंच तर ते मुख्यतः सुरुवातीच्या तास-दिवसांत फिरतं आणि पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा जागेवर वळवता येतं.

लॅसिकचा प्रश्न जास्त अवघड. भिंगाचा नंबर डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता यांवरून काढतात. लॅसिकने कॉर्नियाचा आकार बदललेला असतो, नेहमीचं गणित चुकतं आणि उणे नंबरासाठी लॅसिक झालेल्यांना बऱ्याचदा धन नंबर उरतो. अशा डोळ्यांसाठी वेगळी सूत्रं आहेत, तरी नेमकेपणा कमीच. जुने कागद, लॅसिकआधीचा नंबर आणि वक्रता, सापडले तर जरूर न्या. कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या. लेझरची जागा मध्यापासून सरकलेली किंवा खडबडीत असेल तर बहुकेंद्री भिंग नकोच.

मोजणीबद्दल सगळ्यांसाठी: लांबीत 1 मिमी चूक झाली तर नंबरात अडीच ते तीन डायॉप्टर फरक पडतो, म्हणजे 0.1 मिमीला पाव. डोळ्याला टेकवायच्या सोनोग्राफीच्या सळईने कॉर्निया किंचित दाबला गेला तरी डोळा आखूड मोजला जातो, जास्त ताकदीचं भिंग बसतं आणि उणे नंबर येतो. प्रकाशकिरणांनी, न टेकवता केलेली मोजणी म्हणून चांगली. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी बंद करा, आणि दोन वेगळ्या दिवशी वक्रता सारखी येते का बघा. ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिलं कृत्रिम भिंग बसवायला घेतलं, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांना मोठा उणे नंबर आला होता. भिंग डोळ्याने स्वीकारलं, गणित चुकलं. आज गणित खूप सुधारलंय, पण बहुकेंद्री भिंगाला चूक अजिबात खपत नाही.

प्रश्न: एका डोळ्यात पाच वर्षांपूर्वी साधं भिंग बसवलंय. दुसऱ्यात ट्रायफोकल चालेल का? आणि अशा भिंगांमुळे एमआरआय करता येतो ना?

चालतं, पण दोन्ही डोळ्यांत असल्याइतका फायदा मिळत नाही. मेंदूला एका डोळ्याची ठसठशीत आणि दुसऱ्याची थोडी फिकी अशी तुलना सतत करता येते. अशा वेळी दुसऱ्या डोळ्यात साधंच भिंग घेऊन त्याचा नंबर उणे 1 ते 1.25 ठेवला तर मधलं आणि मोबाइलचं काम बरंच निभतं.

ॲक्रिलिक भिंगात धातू नसतो, एमआरआयला अडचण नाही. भिंग आयुष्यभर टिकतं, त्याला मुदत नसते. शस्त्रक्रियेनंतर मिळणारं कार्ड, ज्यावर भिंगाचं नाव, नंबर आणि क्रमांक असतो, ते मात्र जपून ठेवा, त्याचा फोटोही काढून ठेवा. पुढे कुठल्याही तपासणीत ‘आत बहुकेंद्री भिंग आहे’ हे आधी सांगा.

प्रश्न: वय 48, मोतीबिंदू नाही. लांबचा नंबर उणे 4 आहे आणि आता चाळिशीही लागली. डोळ्यातलं भिंग बदलून दोन्ही चष्मे घालवता येतील का?

तांत्रिकदृष्ट्या येतात. तरी तुम्ही थांबावं असं आमचं मत आहे, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं पडद्याचं. उणे नंबर जास्त असलेला डोळा लांब असतो, त्याचा पडदा ताणलेला असतो. नैसर्गिक भिंग काढल्यावर पडदा सुटण्याचा धोका अशा डोळ्यात वाढतो, आणि पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत तो आणखी जास्त असतो. शस्त्रक्रियेनंतर कधीही डोळ्यापुढे विजा चमकल्या, अचानक काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. पहिल्या आठवड्यात लाली, दुखणं आणि कमी होत जाणारी नजर असं एकत्र दिसलं तरी तसंच, कारण तो डोळ्यातला जंतुसंसर्ग असू शकतो.

दुसरं कारण चष्मेवाल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. उणे 4 नंबरचा माणूस चष्मा काढतो तेव्हा त्याला 25 सेंमीवर अतिशय रेखीव दिसतं. बोटात गेलेलं कुसळ काढणं, औषधाच्या बाटलीवरची बारीक ओळ, सगळं तो चष्मा काढून करतो. बहुकेंद्री भिंग बसलं की 40 सेंमीच्या अलीकडचं हे जग कायमचं जातं, आणि 40 सेंमीवर मिळतं ते तितकं रेखीव नसतं. या भिंगांवर सगळ्यात नाराज होणाऱ्यांत तुमच्या नंबराचे लोक बरेच असतात. उलट धन नंबर असलेल्यांना ना लांबचं दिसत होतं ना जवळचं, ते सहसा खूश असतात.

चष्म्याचा खरंच कंटाळा आला असेल तर आधी कॉन्टॅक्ट लेन्सने चाचणी करा. तुमचा बळकट डोळा कोणता ते बघायला दोन्ही हात पुढे करून बोटांचा छोटा त्रिकोण करा, त्यातून लांबची एखादी वस्तू पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू त्रिकोणातच राहते तो बळकट. त्या डोळ्याला लांबचा पूर्ण नंबर, दुसऱ्याला 1.25 ने कमी. अशा लेन्स दोन आठवडे घालून ऑफिस, जिने, रात्रीचा रस्ता, सगळं करून पाहा. जमलं तर तूर्त त्यावरच निभेल, आणि मोतीबिंदू येईल तेव्हा भिंगाचा नंबर कसा ठेवायचा तेही तुम्हाला आधीच कळलेलं असेल.